विभागलेली सत्ता, बांधलेला आमदार

नागपूरच्या सिव्हिल लाइन्समध्ये राज्यसत्तेच्या तिन्ही शाखा एकमेकींपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. विधानभवन, जुने सचिवालय आणि मुंबई उच्च न्यायालयाचे नागपूर खंडपीठ हे सारे त्याच परिसरात. डिसेंबर उजाडला की रामगिरीवर मुख्यमंत्री येतात, रविभवनातल्या बंगल्यांवर मंत्र्यांच्या पाट्या लागतात, आमदार निवासात सतरंज्या पडतात आणि हैदराबाद हाऊसमध्ये फायलींचे गठ्ठे उघडतात. कायदा करणारे, राबवणारे आणि तपासणारे असे एका पिशवीत घालावेत इतके जवळ येतात. म्हणूनच अमेरिकेची राज्यपद्धती आणि आपली यांचा ताळेबंद मांडायचा तर तो नागपुरात बसून मांडणे सोयीचे आहे. दोन्हीकडे तीन शाखा, लेखी राज्यघटना आणि प्रबळ न्यायालय आहे. तरीही दोन्हीकडचा निवडून आलेला माणूस सभागृहात अगदी वेगळे वागतो. माझ्या मते या फरकाचे मूळ राज्यघटनेच्या आराखड्यापेक्षा पक्षाच्या बांधणीत आहे, आणि पक्षाच्या बांधणीचा इतिहास नागपूरला चांगलाच ठाऊक आहे.

आधी अमेरिकेचा सांगाडा थोडक्यात. प्रतिनिधिगृहात ४३५ सदस्य, मुदत दोन वर्षांची. सिनेटमध्ये प्रत्येक राज्याचे दोन याप्रमाणे १००, मुदत सहा वर्षांची. अध्यक्ष चार वर्षांसाठी. सर्वोच्च न्यायालयात नऊ न्यायाधीश, तहहयात. अध्यक्षाला संसद नापसंतीच्या ठरावाने घालवू शकत नाही आणि अध्यक्ष संसद बरखास्त करू शकत नाही. त्यांच्या घटनेने आणखी एक गोष्ट स्पष्टपणे मना केली आहे: सरकारी पदावर असलेला माणूस संसदेचा सदस्य राहू शकत नाही. सिनेटरला मंत्री व्हायचे तर आधी सिनेट सोडावी लागते. आपल्याकडे नेमके उलटे, मंत्री झालेल्याला सहा महिन्यांत कोणत्यातरी सभागृहाचा सदस्य व्हावेच लागते. कायदेमंडळ आणि सरकार यांच्यामध्ये अमेरिकेने भिंत घातली, आपण दार ठेवले.

त्या दारातून काय काय आत-बाहेर होऊ शकते हे नागपूरने स्वातंत्र्याच्या बऱ्याच आधी पाहिले. मध्य प्रांत आणि वऱ्हाडची राजधानी नागपूर होती. १९२३ च्या निवडणुकीत स्वराज्य पक्षाला स्पष्ट बहुमत मिळाले ते याच एका प्रांतात. डॉ. बा. शि. मुंजे यांच्यासारखे पुढारी कौन्सिलात गेले ते काही खाती मंत्र्यांकडे आणि बाकीची गव्हर्नरकडे ठेवणारी द्विदल राज्यपद्धती आतून बंद पाडायला. स्वराज्य पक्षाने मंत्रिपदे नाकारली, दुसऱ्यांनी घेतली तेव्हा त्या मंत्र्यांवर अविश्वास दाखवला आणि शेवटी गव्हर्नरला मंत्र्यांकडची सोपीव खातीही स्वतःकडे घ्यावी लागली. इतकी कडक शिस्त फार दिवस टिकली नाही. अमरावतीचे श्रीपाद बळवंत तांबे हे स्वराज्य पक्षाचेच, कौन्सिलचे अध्यक्ष. १९२५ मध्ये त्यांनी गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळातली जागा स्वीकारली. मोतीलाल नेहरूंनी त्यांचा निषेध केला, तर न. चिं. केळकर, जयकर आणि मुंजे यांनी प्रतिसहकाराची वेगळी वाट धरली. एका माणसाने सभागृहातली खुर्ची सोडून सरकारातली घेतली आणि देशव्यापी पक्षात फूट पडली. अमेरिकेत सिनेटरने मंत्रिपद घेणे ही वर्तमानपत्रातली साधी बातमी असते. आपल्याकडे त्या एका पावलाला निष्ठा, बंड आणि सत्ता असे तिन्ही अर्थ चिकटतात, कारण मुळात कायदेमंडळात जाण्याचे शेवटचे टोकच सरकार असते.

त्याच्या पाच वर्षे आधी, डिसेंबर १९२० मध्ये, याच शहरात काँग्रेसचे अधिवेशन भरले होते. ते असहकाराच्या ठरावासाठी लक्षात राहिले, पण माझ्या विषयाला त्यातला दुसरा निर्णय जास्त महत्त्वाचा वाटतो. काँग्रेसने तिथे स्वतःची नवी घटना मंजूर केली. चार आणे वर्गणीचे सभासदत्व, वर्षभर काम पाहणारी कार्यसमिती आणि भाषावार प्रांतिक समित्या. त्या रचनेत मराठी मुलखाला एकच समिती मिळाली नाही. महाराष्ट्र, मुंबई, वऱ्हाड आणि मध्य प्रांताचा मराठी भाग यांच्या समित्या वेगवेगळ्या झाल्या. वार्षिक मेळाव्यापुरती असलेली संस्था खालपासून वरपर्यंत बांधलेला पक्ष झाली ती नागपुरात. ब्रिटिशांच्या साम्राज्याशी लढायला अशी यंत्रणा हवीच होती. पुढे तीच यंत्रणा निवडून आलेल्या सरकारच्या डोक्यावरही बसली, आणि त्याचा पहिला मोठा प्रसंगही नागपूर-वर्ध्याच्याच वाट्याला आला.

तो प्रसंग जुलै १९३८ चा. नागपूरचे डॉ. नारायण भास्कर खरे प्रांताचे पंतप्रधान होते; तेव्हा प्रांताच्या मुख्य मंत्र्याला तसेच म्हणत. मंत्रिमंडळात मराठी भाग आणि हिंदीभाषक महाकोशल यांच्यात धुसफूस होती. पचमढीत समेट झाला तोही तकलादू ठरला. शेवटी खऱ्यांनी राजीनामा दिला. रविशंकर शुक्ल, द्वारकाप्रसाद मिश्र आणि मेहता या महाकोशलच्या तिघांनी पक्षश्रेष्ठींच्या आज्ञेशिवाय राजीनामा द्यायला नकार दिला. गव्हर्नर सर फ्रान्सिस वायली यांनी त्यांना बडतर्फ केले आणि खऱ्यांनी तिघांना वगळून नवे मंत्रिमंडळ बनवले. त्यात अनुसूचित जातींमधले अग्निभोज यांना स्थान होते. काँग्रेसच्या पार्लमेंटरी उपसमितीने, म्हणजे वल्लभभाई पटेल, मौलाना आझाद आणि राजेंद्रप्रसाद यांनी, हे मंत्रिमंडळ चालू दिले नाही. काही दिवसांतच खऱ्यांना पायउतार व्हावे लागले आणि वर्ध्याच्या बैठकीनंतर शुक्ल नेते झाले.

या प्रकरणावर आजही दोन तट आहेत. पक्षात भांडण चालू असताना परकीय गव्हर्नरच्या अधिकाराचा आधार घेणे ही खऱ्यांची चूक होती असे मला वाटते. पण आपले सहकारी निवडण्याचा सरकारप्रमुखाचा हक्क त्या आठवड्यात पक्षाच्या समितीने काढून घेतला, आणि तो पायंडा पुढे सगळ्याच पक्षांनी उचलला. मुख्यमंत्र्याने मंत्र्यांची यादी घेऊन दिल्लीला जाणे ही रीत तिथून रुळली. मिशिगनच्या किंवा टेक्सासच्या गव्हर्नरला त्याचा पक्ष वॉशिंग्टनला बोलावून राजीनामा मागू शकत नाही. त्याला लोकांनी थेट निवडलेले असते, त्याच्या खुर्चीची किल्ली पक्षाच्या हाती नसते, आणि राष्ट्राध्यक्षालाही त्याचे सरकार बरखास्त करता येत नाही. महाराष्ट्राने मात्र १९८०, २०१४ आणि २०१९ अशी तीनदा राष्ट्रपती राजवट पाहिली आहे.

अमेरिकी पद्धत आपल्या घटनाकारांच्या नजरेतून सुटली होती असे मात्र नाही. कोलंबिया विद्यापीठात शिकलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये सभागृहाच्या मुदतीआधी हटवता येणार नाही अशा कार्यकारी मंडळाची मागणी केली होती. बहुमताच्या जोरावर एकाच समाजाचे सरकार कायम सत्तेवर बसेल ही त्यामागची धास्ती. पुढे मसुदा समितीचे अध्यक्ष म्हणून ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत त्यांनी दोन्ही पद्धतींची तुलना केली. अमेरिकी पद्धतीत स्थैर्य अधिक, संसदीय पद्धतीत जबाबदारी अधिक; अमेरिकेत सरकारची परीक्षा ठरावीक काळाने होते, संसदीय पद्धतीत रोजच्या रोज. मसुद्याने जबाबदारीला झुकते माप दिले. ही रोजची परीक्षा घ्यायला बळकट विरोधी पक्ष लागतो हे बाबासाहेब जाणून होते. त्यांच्या निधनानंतर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी नागपुरातच रिपब्लिकन पक्षाची स्थापना झाली. पुढच्या काही वर्षांत तो गटागटांत विभागला, ही महाराष्ट्राच्या विरोधी राजकारणाची मोठी हानी होती.

रोजची परीक्षा हिवाळी अधिवेशनात कशी होते ते जवळून पाहण्यासारखे असते. सकाळी प्रश्नोत्तराचा तास. तारांकित प्रश्न पुकारला जातो, मंत्री छापील उत्तरावर बोट ठेवतो, आमदार उपप्रश्न विचारतो आणि गॅलरीत बसलेला खात्याचा अधिकारी घाईघाईने चिठ्ठी पाठवतो. मग लक्षवेधी, औचित्याचे मुद्दे, पुरवणी मागण्या आणि शेवटी विरोधकांचा अंतिम आठवडा प्रस्ताव. अमेरिकी मंत्र्याला असे रोज सभागृहात उभे राहावे लागत नाही, कारण तो सदस्यच नसतो. त्याला समितीसमोर बोलावतात, शपथ देतात आणि तासन्‌तास उलटतपासणी करतात. प्रश्न विचारणारा त्याच्याच पक्षाचा असला तरी त्याला मंत्री व्हायची फारशी आशा नसते, म्हणून तो पुष्कळदा मोकळेपणी विचारतो. आपल्याकडे सत्ताधारी बाकांवरचा प्रत्येक आमदार संभाव्य मंत्री असतो. १५ डिसेंबर २०२४ रोजी नागपूरच्या राजभवनात ३९ मंत्र्यांनी शपथ घेतली आणि दुसऱ्याच दिवशी अधिवेशन सुरू झाले. ज्यांची नावे यादीत नव्हती त्यांच्या नाराजीने ते अधिवेशन व्यापून टाकले होते.

पैशाच्या बाबतीत फरक आणखी मोठा आहे. डिसेंबर २०२३ मध्ये नागपुरात ५५ हजार ५२० कोटी रुपयांच्या पुरवणी मागण्या मांडल्या गेल्या. बहुमत असलेल्या सरकारची पुरवणी मागणी सभागृहाने नामंजूर केल्याचे उदाहरण मला महाराष्ट्रात आठवत नाही, आणि तसे झाले तर सरकारच राहणार नाही. अमेरिकेत संसद पैसा अडवते तेव्हा सरकार पडत नाही, बंद पडते. १ ऑक्टोबर २०२५ पासून ४३ दिवस तिथले संघराज्य सरकार अर्धवट बंद होते. लाखो कर्मचाऱ्यांचे पगार थकले. सत्तेच्या विभागणीची किंमत तिथला सामान्य माणूस अशी मोजतो, हे त्या पद्धतीचे गोडवे गाताना विसरू नये.

आता पक्ष. अमेरिकेत डेमोक्रॅटिक आणि रिपब्लिकन हे दोनच मोठे पक्ष, पण आपल्या अर्थाने ते पक्ष आहेत का हा प्रश्न पडतो. वर्गणी भरून सभासद व्हावे लागत नाही. उमेदवार कोण हे पक्षाध्यक्ष ठरवत नाही. प्राथमिक निवडणुकीत मतदार ठरवतात. मूळचे बेळगाव जिल्ह्यातले श्री ठाणेदार २०१८ मध्ये मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्राथमिक फेरीत उतरले आणि तिसरे आले. मग ते राज्याच्या प्रतिनिधिगृहात गेले आणि २०२२ मध्ये डेट्रॉइट भागातल्या मतदारसंघातून संसदेत. स्थानिक पुढाऱ्यांचा मोठा गट त्यांच्या बाजूने नव्हता. स्वतःचा पैसा ओतून आणि मतदारांसमोर जाऊन त्यांनी उमेदवारी मिळवली. आपल्याकडे हे सगळे पक्षाच्या अधिकृत उमेदवारीच्या एका कागदात मावते, त्याचे नाव एबी फॉर्म. अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी तीनची वेळ गाठायला निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कचेरीबाहेर गाड्या उभ्या असतात, इच्छुकांचे दोन-दोन गट एकमेकांकडे पाहत थांबतात आणि तो फॉर्म घेऊन पक्षाचा माणूस कुणाच्या गाडीतून उतरतो त्यावर पाच वर्षांचा निकाल लागतो. ज्या हाताने एबी फॉर्म दिला त्या हाताविरुद्ध आमदार सभागृहात हात कसा वर करणार?

ठाणेदारांचेच पुढचे उदाहरण जास्त बोलके आहे. एप्रिल २०२५ मध्ये त्यांनी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांच्याविरुद्ध महाभियोगाची सात कलमे सादर केली. त्यासाठी त्यांना पक्षाची परवानगी लागली नाही. पक्षनेतृत्वाला ती वेळ योग्य वाटत नव्हती, सहकारी चिडले, आणि मे महिन्यात त्यांनी मतदान घडवून आणण्याचा आग्रह सोडला. पण त्यांचे पद गेले नाही, जाण्याचा प्रश्नच नव्हता. सदस्याला घालवायचे तर सभागृहाची दोन तृतीयांश मते लागतात. २००१ मध्ये व्हर्माँटचे सिनेटर जिम जेफर्ड्स यांनी रिपब्लिकन पक्ष सोडला तेव्हा ५०-५० असलेल्या सिनेटचे बहुमतच पलटले. जेफर्ड्स आपल्या जागेवर राहिले. जुलै २०१७ मध्ये जॉन मॅकेन यांनी स्वतःच्या पक्षाचे आरोग्यविषयक विधेयक एका मताने पाडले. असे मत आपल्या विधानसभेत पक्षादेशाविरुद्ध कुणी दिले असते तर त्याच्यावर अपात्रतेची कारवाई सुरू झाली असती.

१९८५ मध्ये ५२ व्या घटनादुरुस्तीने दहावी अनुसूची आली. तोवर राज्यघटनेच्या मजकुरात राजकीय पक्षाचे नावही नव्हते. आयाराम-गयारामांना आवर घालण्यासाठी आणलेल्या या कायद्याने पक्षादेशाविरुद्धचे कोणतेही मत पक्षद्रोह ठरवले, मग विषय सरकार पाडण्याचा असो की एखाद्या साध्या विधेयकाचा. एकट्याचे मतस्वातंत्र्य गेले आणि घाऊक फुटीला मात्र वाट राहिली: एक तृतीयांश आमदार एकत्र निघाले तर ती फूट कायदेशीर. डिसेंबर १९९१ मध्ये नागपूरच्या हिवाळी अधिवेशनातच छगन भुजबळ यांनी शिवसेनेतला गट बाहेर काढला. विधानसभाध्यक्ष मधुकरराव चौधरी यांनी फुटीला मान्यता दिली, गट काँग्रेसमध्ये गेला आणि सुधाकरराव नाईकांच्या मंत्रिमंडळात भुजबळांना स्थान मिळाले. २००३ च्या ९१ व्या दुरुस्तीने ती वाट बंद झाली.

तरीही २०२२ मध्ये शिवसेना फुटली. ११ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने सांगितले की पक्षादेश काढणारा प्रतोद राजकीय पक्ष नेमतो, विधिमंडळातला गट नव्हे. राज्यपालांनी बहुमत चाचणी बोलावणेही समर्थनीय नव्हते. अपात्रतेचा निर्णय मात्र अध्यक्षांवर सोपवला. अध्यक्ष राहुल नार्वेकर यांच्यासमोरची सुनावणी लांबत गेली, न्यायालयाने मुदत घालून दिली, आणि डिसेंबर २०२३ मध्ये नागपूरच्या विधानभवनातही ती चालली. एकीकडे सभागृहात पुरवणी मागण्या, दुसऱ्या दालनात आमदारांची उलटतपासणी. १० जानेवारी २०२४ च्या निर्णयाने कुणीही अपात्र झाले नाही. पक्षाच्या बळावर निवडून आलेल्या अध्यक्षाला पक्षांतराचा न्यायाधीश बनवणे ही या कायद्यातली सर्वांत मोठी खोट आहे. अमेरिकेतला सभापतीही उघडपणे पक्षाचा असतो, पण एखाद्याची आमदारकी खासदारकी ठरवण्याचा अधिकार त्याला दिलेला नाही.

अमेरिकेचा सदस्य मोकळा आहे म्हणून सारे आलबेल आहे असेही नाही. प्राथमिक निवडणुकीत थोडे मतदार येतात आणि जे येतात ते कडवे असतात. म्हणून आज तिथला सदस्य पक्षनेत्यापेक्षा त्या मतदारांना घाबरतो, आणि लोकप्रिय राष्ट्राध्यक्षाच्या पक्षातले सदस्य बंधनकारक व्हिप नसतानाही रांगेत उभे राहतात. मतदारसंघांच्या सीमा अनेक राज्यांत सत्ताधारी पक्षच आखतो. आपला परिसीमन आयोग त्यापेक्षा कितीतरी बरा. या बदललेल्या राजकारणाचा चटका विदर्भालाही बसला. जकात बसवण्याचा अधिकार अमेरिकी घटनेने संसदेला दिला आहे. २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी आणीबाणीच्या कायद्याखाली तो स्वतःच वापरला आणि ऑगस्टअखेर भारतीय मालावर ५० टक्के शुल्क लागले. संसदेने ते थांबवले नाही. हरकत घेतली ती न्यायालयांनी, आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. इकडे कापड उद्योगाला दिलासा म्हणून केंद्राने कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क वर्षअखेरपर्यंत उठवले. वॉशिंग्टनमधल्या एका शाखेने दुसरीला अडवले नाही म्हणून यवतमाळ-वर्ध्याच्या शेतकऱ्याचा कापूस ऐन हंगामात परदेशी गाठींसमोर उभा राहिला.

सभागृह सरकारला अडवत नसेल तर कोण अडवणार? नागपूरकडे दोन उत्तरे आहेत, रस्ता आणि न्यायालय. अधिवेशनाच्या दिवसांत मोर्चे निघतात. अंगणवाडी सेविका, विनाअनुदानित शाळांचे शिक्षक, धान उत्पादक, धनगर, हलबा. यशवंत स्टेडियमकडून निघालेला मोर्चा कठड्यांपाशी थांबवला जातो. पाच जणांचे शिष्टमंडळ पोलिसांच्या गाडीतून विधानभवनात जाते, मंत्री निवेदन घेतात, आणि बाकीचे लोक संध्याकाळपर्यंत डांबरावर बसून राहतात. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटवर गोवारी समाजाचा मोर्चा असाच अडवलेला होता. चेंगराचेंगरीत ११४ जण गेले, त्यात बहुतेक बायका आणि मुले. १९८५ चा एक शासन निर्णय रद्द करून अनुसूचित जमातीच्या सवलती द्याव्यात ही त्यांची मागणी. कुणी मंत्री वेळेवर सामोरा आला असता तर, हा प्रश्न नागपूर अजून विचारते. आदिवासी विकास मंत्री मधुकर पिचड यांनी राजीनामा दिला, पुढच्या वर्षी समाजाला विशेष मागास प्रवर्गात आरक्षण मिळाले. मूळ मागणी मात्र तिन्ही शाखांतून फिरत राहिली. ऑगस्ट २०१८ मध्ये नागपूर खंडपीठाने गोवारींच्या बाजूने निकाल दिला. १८ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला: जमातींची यादी बदलण्याचा अधिकार संसदेचा, न्यायालयाचा नव्हे. शाखांच्या मर्यादेचा तो निर्णय कायद्याने बरोबर असेल. पण ११४ माणसे गमावलेल्या समाजाने विधानभवनाच्या दारातून सुरू केलेला प्रवास २६ वर्षांनी दिल्लीतल्या ज्या सभागृहाच्या दारात येऊन थांबला, तिथे त्यांचा स्वतःचा आवाज नाही.

खंडपीठाबद्दल नागपूरकरांना आपुलकी आहे आणि ती रास्त आहे. ९ जानेवारी १९३६ रोजी इथे स्वतंत्र उच्च न्यायालय सुरू झाले, १९५६ नंतर ते खंडपीठ बनले. हिदायतुल्ला, शरद बोबडे आणि भूषण गवई हे तीन सरन्यायाधीश याच वकिलीच्या परंपरेतले. मार्च २०२५ मध्ये शहरात दंगल झाली. काही दिवसांनी महापालिकेने एका आरोपीचे घर बुलडोझरने पाडले. खंडपीठाने त्याच दिवशी कारवाईला स्थगिती दिली, तोवर घर गेलेले होते. अशा पाडापाडीला नोव्हेंबर २०२४ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने नियम घालून दिले होते, आणि ते देणाऱ्या पीठावर गवई होते. त्या निकालाची माहिती नव्हती असे सांगत आयुक्तांनी पुढे प्रतिज्ञापत्राने माफी मागितली. चार महिन्यांत तो निकाल महापालिकेपर्यंत पोहोचू नये, हे मला घर पडण्याइतकेच गंभीर वाटते.

त्या वेळी महापालिकेत जाब विचारायला एकही नगरसेवक नव्हता, हेही त्याच गोष्टीचे दुसरे अंग. २०१७ ला निवडलेल्या सभागृहाची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढची निवडणूक व्हायला जानेवारी २०२६ उजाडले. मधली जवळपास चार वर्षे प्रशासकाचा कारभार. अमेरिकेने १८६४ साली, यादवी युद्ध पेटलेले असताना, ठरल्या दिवशी राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक घेतली होती. त्यांच्याकडून एकच गोष्ट उचलायची असेल तर मी ही तारखेची शिस्त उचलेन. न्यायाधीशांच्या नेमणुकीची त्यांची रीत मात्र आणू नये. १९८६ मध्ये स्कॅलिया यांना सिनेटने ९८ विरुद्ध शून्य मतांनी मान्यता दिली होती. २०१८ मध्ये कॅव्हनॉ ५०-४८ ने आणि २०२० मध्ये बॅरेट ५२-४८ ने आले, जवळजवळ शुद्ध पक्षीय मतदानाने. आपल्या कॉलेजियमचा बंदिस्तपणा मला खटकतो, तरी न्यायाधीशाच्या नावापुढे पक्ष लागण्यापेक्षा तो परवडला.

आणि मग विदर्भ. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर कराराने वर्षातून एक अधिवेशन इथे घेण्याचे आणि काही काळ सरकारच इथे हलवण्याचे वचन दिले. १९५५ मध्ये राज्य पुनर्रचनेच्या फाजल अली आयोगाने तर वेगळ्या विदर्भाची शिफारस केली होती, आणि त्याच वर्षी बाबासाहेबांनीही महाराष्ट्राचे भाग सुचवताना पूर्वेचा भाग वेगळा धरला होता. अमेरिकेत एखाद्या राज्याचा तुकडा वेगळा करायचा तर त्या राज्याच्या विधिमंडळाची संमती अनिवार्य असते. मॅसॅच्युसेट्सने होकार दिला तेव्हा १८२० मध्ये मेन झाले. आपल्या तिसऱ्या कलमाने विधानसभेचे फक्त मत मागवायचे असते. आंध्रच्या विधानसभेने नकार दिला तरी २०१४ मध्ये तेलंगण झाले. म्हणजे घटनेच्या दृष्टीने विदर्भाची वाट अमेरिकेपेक्षा सोपी आहे. ती अडली ती पक्षांपाशी. भाजपने १९९७ मध्ये भुवनेश्वरला छोट्या राज्यांच्या बाजूने ठराव केला, २००० मध्ये तीन राज्ये झाली, विदर्भ राहिला, कारण युतीतल्या शिवसेनेचा ठाम विरोध होता. काँग्रेसमधले पुढारी विदर्भात एक बोलत आणि मुंबईत दुसरे. १९७१ मध्ये जांबुवंतराव धोटे नागपुरातून लोकसभेवर गेले ते मोठ्या पक्षांबाहेर राहूनच. मार्च २०१६ मध्ये बापूजी अण्यांचे नातू श्रीहरी अणे यांना वेगळ्या राज्यांच्या विषयावर बोलल्याबद्दल महाधिवक्तापद सोडावे लागले.

वेगळे राज्य व्हावे की नाही यावर मतभेद असू शकतात, विदर्भातही आहेत. पण अनुशेषाच्या प्रश्नावर तरी २८८ पैकी ६२ आमदार एका आवाजात बोलू शकले पाहिजेत. दांडेकर समितीने १९८४ मध्ये राज्याचा अनुशेष सुमारे ३,१८७ कोटींचा काढला, त्यात विदर्भाचा वाटा सर्वांत मोठा होता. ३७१ (२) कलमाखालची विकास मंडळे १९९४ मध्ये आली आणि ३० एप्रिल २०२० रोजी मुदतवाढीविना संपली. सप्टेंबर २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ती पुन्हा स्थापण्याचा प्रस्ताव मंजूर केला. अधल्यामधल्या काळात सत्तेतल्या पक्षांच्या वैदर्भीय आमदारांना आपल्याच सरकारविरुद्ध या एका मुद्द्यावर मत देता आले असते, तर मंडळे इतकी वर्षे टांगली गेली असती असे मला वाटत नाही. २०२४ नंतर तर विरोधी बाजूही खचली आहे. महायुतीकडे भाजपचे १३२, शिवसेनेचे ५७ आणि राष्ट्रवादीचे ४१ असे २३० आमदार निवडून आले. विरोधी पक्षनेतेपदासाठी लागणारा दहा टक्क्यांचा, म्हणजे २९ चा आकडा विरोधकांतल्या कुणालाच गाठता आला नाही. डिसेंबर २०२५ चे जेमतेम आठवडाभराचे नागपूर अधिवेशन दोन्ही सभागृहांत विरोधी पक्षनेत्याविना पार पडले. अमेरिकेत अल्पमतातला पक्ष कितीही लहान झाला तरी त्याचा नेता आणि समित्यांमधले त्याचे प्रमुख कायम असतात, त्यासाठी दहा टक्क्यांची अट नाही.

यावरचा उपाय कागदावर जुनाच आहे. १९९० मध्ये दिनेश गोस्वामी समितीने शिफारस केली होती की पक्षादेश मोडल्याबद्दलची अपात्रता विश्वास आणि अविश्वास ठरावापुरतीच ठेवावी. बाकी विषयांवर सदस्याने मतदारसंघाकडे पाहून मत द्यावे. मनीष तिवारी यांनी पक्षादेशाची व्याप्ती कमी करणारे खासगी विधेयक लोकसभेत एकाहून अधिक वेळा मांडले आहे. १९७० नंतर एकही खासगी विधेयक कायदा झालेले नाही. दहाव्या अनुसूचीला हात लावण्याचा अधिकार फक्त संसदेला आहे, त्यामुळे महाराष्ट्राच्या विधिमंडळाने ठरवले तरी ते स्वतःच्या आमदारांना मोकळे करू शकत नाही. ठराव करून दिल्लीला पाठवणे एवढे त्याच्या हातात आहे, आणि तो ठराव सिव्हिल लाइन्समधल्या विधानभवनात, वैदर्भीय आमदारांनी पक्ष बाजूला ठेवून मांडावा.